न आलेला तपासनीस

गुंडोला मी चौथीपासून ओळखतो. त्याच्याबद्दल वाईट लिहायला बसलोय असं कुणी समजू नये. जे झालं त्यात माझाही वाटा आहे आणि तो मी लपवणार नाही.

चामराजपेटेत आमच्या रस्त्याला त्याचं एक चिंचोळं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि सगळ्या प्रकारचे ऑनलाइन अर्ज. आधार, रेशन कार्ड, वीजजोडणी, काय वाटेल ते. मी त्याच रस्त्यावर कोडबळी-चकल्या विकतो. आमची दोघांची घराणी कधीकाळी इकडे आलेली, किती पिढ्या झाल्या कुणी मोजत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. ज्यांना सरकारी संकेतस्थळाची भीती वाटते अशा साऱ्या पेटेचा गुंडो आधार. म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे अर्ज तो फुकट भरायचा. लोक त्याला दुकानात बघून हात जोडायचे, आणि त्याला ते आवडायचं. त्यात काही गैर नव्हतं.

खाण्याचा धंदा करणारे आम्ही सगळे त्याच्याचकडे जायचो. खाण्याचं काहीही विकायचं तर अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी लागते, धंदा मोठा असेल तर परवाना. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा, दुकानात लावायचा. ही कायद्याची किमान अट. छोट्या माणसाची नोंदणी बहुतेक घरबसल्या होते, कारण अर्जाच्या शेवटी त्यानं स्वतःच लिहून द्यायचं असतं, की स्वच्छतेचे ठरलेले नियम मी पाळतो. पाणी असं, भांडी अशी, शिजलेलं अन्न इतकं गरम. गुंडो त्या चौकोनात खूण करायचा आणि पुढच्या पानावर जायचा. मला त्यानं ते नियम कधी वाचून दाखवले नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

तीनेक वर्षांपूर्वी त्याला उत्तरेकडच्या कुठल्याशा कंपनीचा फोन आला. आंतरराष्ट्रीय अन्नसुरक्षा प्रमाणपत्र, दोन दिवसांत, घरपोच, तपासणीची कटकट नाही. नुसतं नाव-पत्ता पाठवायचा.

खरं प्रमाणपत्र कसं मिळतं हे गुंडोला माहीत होतं. ते मिळवायची सक्ती नसते. ज्याला किमान अटीच्या पुढे जायचं आहे तो स्वतः होऊन मागतो. मग बाहेरची माणसं येतात, स्वयंपाकघर बघतात, डाळ-तांदूळ आत येण्यापासून पान वाढेपर्यंत कुठे काय बिघडू शकतं ते लिहून काढायला लावतात, आणि दरवर्षी पुन्हा येऊन बघतात. होसकोट्याच्या एका मसाल्याच्या कारखान्यात त्याचा मेव्हणा कामाला होता. त्यांच्याकडे ते होताना गुंडोनं पाहिलं होतं. आठ महिने लागले होते.

आणि तरी त्यानं कंपनीला हो म्हटलं. पुढे एकदा मी त्याला विचारलं, का रे? तो म्हणाला, "कागद बघून लोक खूश व्हायचे रघू. मला वाटलं, यात कुणाचं काय जातंय?"

सोनेरी कडा, निळा पृथ्वीचा गोल, चकचकीत शिक्का. आमच्या भागातल्या सव्वीस जणांनी ते कागद घेतले. मीही घेतला. काच लावून गल्ल्याच्या मागे, राघवेंद्रस्वामींच्या फोटोशेजारी टांगला. कधी कुणी माझी भट्टी बघायला आलं नाही हे मला माहीत होतं. गिऱ्हाईक मान वर करून तो कागद वाचायचं तेव्हा मी तेलाच्या कढईत बघत बसायचो.

अनुसूयाक्का आमच्या मागच्या क्रॉसला, म्हणजे आडव्या गल्लीत, राहते. साठी ओलांडलेली. नवरा सरकारी छापखान्यात होता, तो गेल्यावर तिनं डबे सुरू केले. हाताखाली दोन बायका. तिच्या स्वयंपाकघरात चप्पल तर सोडाच, बाहेरून आलेला माणूस पाय न धुता शिरू शकत नसे. तिच्याइतकी स्वच्छ बाई मी पाहिलेली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर तिच्याबद्दल लोक काहीबाही बोलले.

जे. पी. नगरात कस्तुरी नावाची पुण्याची एक मुलगी ज्येष्ठांसाठी दिवसाचं केंद्र चालवते. आयटीतली नोकरी सोडून तिनं ते काढलं. पुण्या-नागपूरहून मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा सकाळी तिथे येतात, पत्ते खेळतात, वर्तमानपत्र वाचतात, दुपारी जेवून घरी जातात. त्यांना मराठी चवीचं जेवण हवं होतं. कुणीतरी अक्काचं नाव सुचवलं. कस्तुरीला चव पसंत पडली, पण ती म्हणाली, "काकू, लायसन्स तर सगळ्यांकडेच असतं. आमच्या लोकांची मुलं फार विचारतात. फूड सेफ्टीचं एखादं प्रॉपर सर्टिफिकेट आहे का?"

अक्का गुंडोकडे आली. मी तेव्हा तिथेच झेरॉक्स काढत होतो.

"आहे ना अक्का, गुरुवारपर्यंत देतो," गुंडो म्हणाला.

"कोण येणार बघायला? कधी येणार ते सांग. स्वल्प आवरून ठेवते."

"कुणी यायची गरज नाही. तुमचं घर मला ठाऊक नाही का?"

अक्का थोडी हिरमुसली असं मला वाटलं. तिला आपलं स्वयंपाकघर कुणीतरी जाणत्यानं बघावंसं वाटत होतं. "सरी, बरं," म्हणाली आणि गेली.

दोन वर्षं सगळं उत्तम चाललं. मग गेल्या रामनवमीला केंद्रात उत्सव ठरला. नेहमी वीस-बावीस पानं असायची, त्या दिवशी पन्नास. पानक, कोशिंबिरी, चित्रान्न म्हणजे लिंबाचा भात, पायस. अक्कानं आयुष्यात एका वेळी एवढा भात शिजवला नव्हता. पहाटे उठून तिनं तो एकाच मोठ्या पातेल्यात केला, लिंबू पिळलं, फोडणी घातली, आणि निवू नये म्हणून वर झाकण, त्यावर जाड चादर गुंडाळून ठेवला. रिक्षा साडेअकराला आली. पानं मांडून, आरती होऊन लोक जेवायला बसले तेव्हा दीड वाजला होता. चैत्रातला उकाडा. भात ना गरम, ना गार. सात तास नुसता कोमट.

चार वाजायच्या आत पहिल्या आजींना उलटी झाली. संध्याकाळपर्यंत सतरा जणांना. बहुतेक दुसऱ्या दिवशी सावरले. चौघांना दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यातले पुरुषोत्तमकाका, नागपूरचे, एक्याऐंशी वर्षांचे, मूत्रपिंड आधीच नाजूक. ते अकरा दिवस होते, त्यातले तीन अतिदक्षता विभागात.

तिसऱ्या दिवशी अन्नसुरक्षा अधिकारी अक्काच्या घरी आले. तिनं मला आणि गुंडोला बोलावून घेतलं होतं. एकटीला धीर होत नव्हता. अधिकारी पन्नाशीचे, शांत, कन्नडच बोलत होते. त्यांनी पाण्याची टाकी पाहिली, तांदळाचा डबा उघडला, नमुने घेतले. बायकांच्या वैद्यकीय तपासणीचे कागद मागितले, ते नव्हते. भात कधी शिजवला, कशात ठेवला, हे तीनदा विचारलं. अक्कानं जसं केलं तसं सांगितलं, चादरीसकट.

"शिजलेलं अन्न एक तर चांगलं गरम ठेवायचं, नाही तर लवकर गार करायचं. मध्ये ठेवायचं नाही. हे तुमच्या नोंदणीच्या नियमांतच आहे अम्मा. तुम्ही वाचून मान्य केलंय." त्यांनी फोनवर तिचा अर्ज काढून दाखवला.

अक्कानं पडद्याकडे पाहिलं. तिला इंग्रजी येत नाही.

मग त्यांची नजर भिंतीवरच्या सोनेरी कागदाकडे गेली. ते उठून जवळ गेले, चष्मा वर करून वाचलं.

"ह्यासाठी तपासणीला कोण आलं होतं?"

मी गुंडोकडे पाहिलं. गुंडो जमिनीकडे बघत होता. अक्कानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोघं आले होते. एक बाई, एक गृहस्थ. सगळं बघून गेले. मी कॉफी दिली त्यांना."

"कधी?"

"दसऱ्याच्या आधी."

आयुष्यात खोटं न बोललेली बाई. तिला नीट खोटं बोलताही येत नव्हतं, कॉफीचं सांगताना तिचा आवाज फुटला. तिनं ते गुंडोसाठी केलं. पेटेतलं पोर आहे, अडचणीत नको यायला, एवढाच विचार. पोर म्हणजे चोपन्न वर्षांचा गुंडो.

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मग पेन बंद करत म्हणाले, "म्हणजे जाणकार माणसं येऊन तुम्हाला भाताचं सांगून गेली. ती माणसं पहिल्यांदा तेच बघतात. तरीही तुम्ही असं केलंत. मग हा अजाणतेपणा नव्हे अम्मा. हा निष्काळजीपणा झाला."

अक्काचा चेहरा मला विसरता येत नाही. गुंडोला वाचवायला ती जे बोलली तेच तिच्या गळ्याशी आलं. एक वाक्य पुरलं असतं. कुणीही आलं नव्हतं, एवढंच. गुंडो बोलला नाही. मीही बोललो नाही, कारण माझ्या दुकानातही तोच कागद टांगलेला होता आणि अधिकारी तिथून चालत दोन मिनिटांवर उभे होते.

तिचं काम बंद करायचा आदेश झाला. ते गेल्यावर अक्कानं आम्हाला विचारलं, "तुम्ही दोघं जेवून जाता का?" आम्ही नको म्हणालो. रस्त्यावर आलो तर गुंडो फुटपाथच्या कठड्यावर बसून राहिला.

चार दिवस त्यानं दुकान उघडलं नाही. त्याची बायको श्रीविद्या माझ्याकडे आली. "काय झालंय ते तरी सांगा. जेवत नाहीत. आरशासमोर गेले तरी मान खाली." मी तिला सांगितलं. माझा कागदही सांगितला. तिनं सगळं ऐकलं, आणि मी न विचारता म्हणाली, "मग तुम्ही दोघं अजून घरी का बसलात?"

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो. दीड तास बाकावर बसून होतो. आत गेल्यावर गुंडोनं तयार केलेलं वाक्य त्याला आठवेना. तो नुसता म्हणाला, "सर, त्या बाईकडे कुणी आलं नव्हतं. तो कागद मी मागवून दिला. सव्वीस जणांना दिलाय. आणि नोंदणीची खूणही मीच केली, त्यांना वाचून न दाखवता."

अधिकाऱ्यांनी अक्काची फाईल काढून पुढ्यात उघडली. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"मग त्या का म्हणाल्या, दोघं आले होते?"

"माझ्यासाठी."

"आणि तुम्ही तिथेच होता."

"हो."

"हे कोण?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"माझ्याकडेही तोच कागद आहे सर," मी म्हणालो. "मीही होतो तिथे."

त्यांनी दोन कोरे कागद पुढे सरकवले. "लिहून द्या. दोघंही."

गुंडोनं आपल्या सुंदर कन्नड अक्षरात तीन पानं लिहिली. अधिकारी वाचताना एका ठिकाणी थांबले. "तुम्ही इथे लिहिलंय, कागद नकली आहे हे ठाऊक होतं पण नोंदणी तर खरी होती. तुम्हाला वाटतंय, चूक फक्त ह्या सोनेरी कागदाची? नोंदणी म्हणजे त्या बाईनं दिलेलं वचन. तुम्ही तिच्या तोंडून ते वदवलंत आणि कशाचं वचन आहे ते तिला कळू दिलं नाही. तो कागद नसता तरी भात नासलाच असता. तुम्ही ते नियम दहा मिनिटं वाचून दाखवले असते तर कदाचित नसता नासला."

गुंडोनं मान हलवली. परतीच्या बसमध्ये मला म्हणाला, "हे मला सुचलंच नव्हतं रे. मला वाटत होतं, माझ्या हातून एकच पाप झालंय."

पुढच्या आठवड्यात जे. पी. नगरला तो एकटा जाणार होता, मी हट्टानं गेलो. कस्तुरीच्या केंद्रात त्या दिवशी चारच माणसं होती. बाकीच्यांच्या मुलांनी पाठवणं बंद केलं होतं. गुंडोनं उभ्यानंच सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "काका, मी काकूंचं किचन बघायला येणार होते. खरंच येणार होते. मग ते सर्टिफिकेट व्हॉट्सॅपवर आलं आणि मी म्हटलं, चला, आता जायची गरज नाही." तिचे डोळे भरले. "मी पेरेंट्सना तेच फॉरवर्ड केलं. म्हणजे त्यांच्या मुलांना. मी लिहिलं होतं, निश्चिंत राहा."

पुरुषोत्तमकाका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. नुकतेच बरे होऊन आलेले, गळ्यापाशी शर्ट सैल झालेला. कस्तुरीनं त्यांना गुंडो कोण ते सांगितलं. त्यांनी त्याला समोर बसायला सांगितलं.

"तुमच्या घरी वडील आहेत का?"

"नाहीत. आई आहे."

"त्यांना तुम्ही असा कागद बघून कुठे जेवायला पाठवलं असतं?"

काकांनी उत्तराची वाट पाहिली नाही. म्हणाले, "मी पीडब्ल्यूडीत होतो. न बघता सह्या करणारे पुष्कळ बघितले. मीही दोन-चार केल्या असतील. पूल पडले नाहीत म्हणून झोप लागते." मग त्यांनी कस्तुरीकडे पाणी मागितलं. आम्ही उठलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो, ती तशीच राहिली.

त्यानंतरचे पंधरा दिवस गुंडो घरोघर जाऊन कागद परत मागत होता. डोसापीठवाला, दोन टिफिनवाल्या, लोणच्याची बाई, पेट्रोलपंपाजवळचा ज्यूसवाला. प्रत्येकाला तेच सांगायचा, हा खोटा आहे, मी फसवलं, परत द्या. मला वाटलं होतं लोक शिव्या देतील. काहींनी दिल्या. पण बहुतेकांनी कागदच द्यायला नकार दिला. ज्यूसवाला हसून म्हणाला, "असू दे की गुंडण्णा, भिंतीवर काय मागतोय तो?" लोणच्याची बाई रागावली, "माझं गिऱ्हाईक तोडतोस?" सव्वीसपैकी अकरा परत आले. शिव्यांपेक्षा ते हसणं त्याला जास्त लागलं. "रघू, मी त्यांना हेच शिकवलं ना?" म्हणाला.

आता माझं. माझ्या दुकानी तो सगळ्यात शेवटी आला. अधिकाऱ्यांना लिहून देऊनही मी तो कागद उतरवला नव्हता. उद्या उतरवू, रविवारी उतरवू. लग्नसराईचं गिऱ्हाईक होतं. तो आला, वर बघितलं. मी स्टुलावर चढलो. मी कागद घेऊन खाली उतरत होतो तेव्हा माझी बायको, कामाची माणसं, दोन गिऱ्हाइकं, सगळे बघत होते. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काय झालं, मुदत संपली का?" मी म्हणालो, "हो." त्याही वेळी मी खरं बोललो नाही. गुंडोनं ऐकलं. ते गिऱ्हाईक रस्त्यावर गेल्यावर मी त्या माणसाच्या मागे धावलो आणि त्याला खरं सांगितलं. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला आणि कोडबळ्यांची पिशवी घेऊन निघून गेला. परत आला नाही.

गुंडोच्या लेखी जबाबामुळे अक्कावरचा निष्काळजीपणाचा शेरा मागे घेतला गेला. तिला सुधारणेची नोटीस आली, मुदत मिळाली. पाण्याची तपासणी, बायकांचे वैद्यकीय दाखले, दोन लहान पातेली, एक थर्मामीटर. दोन महिन्यांनी तिचं काम पुन्हा सुरू झालं, पण निम्मंच. कस्तुरीचं केंद्र तिच्याकडे परत आलं नाही, आणि त्यात कस्तुरीची चूक नाही.

गुंडो आता नोंदणीचा अर्ज भरताना प्रत्येक नियम कन्नडमध्ये वाचून दाखवतो. पाऊण तास लागतो. लोक कंटाळतात, घड्याळ बघतात, "करा हो खूण, आम्हाला माहीत आहे" म्हणतात. तो खूण करत नाही. माझा अर्जही त्यानं असाच पुन्हा वाचला. एकोणीस वर्षं मी खाण्याचा धंदा करतोय, त्यातल्या सहा गोष्टी मी करत नव्हतो. तळलेलं तेल किती वेळा वापरायचं, हे तर मला कुणी विचारू नये असंच वाटत आलं होतं. अर्ध्याहून जास्त लोक आता पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात जातात. तिथे पाच मिनिटांत होतं.

अक्काच्या गल्लीतून तो जात नाही. बाजाराला जायचं तर लांबून वळसा घालतो. मी तिला एकदा विचारलं, तुम्ही त्याला बोलावून का घेत नाही? ती भात निवत ठेवलेल्या परातीत उलथनं फिरवत होती.

"मी काय बोलावू?" ती म्हणाली. "मला त्याचा राग नाही. पण त्या दिवशी साहेबांसमोर तो गप्प बसला ना, तेव्हा मी मनात म्हणत होते, आता बोलेल, आता बोलेल. तेवढा वेळ फार लांब होता रे रघू." मग थांबून म्हणाली, "तुझीही वाट बघत होते."

मी परातीला बाहेरचा वारा लागावा म्हणून खिडकीचं दार सरकवलं.